साठवण-संचातील सामायिक कोठ्यांची रचना : काही निर्णय व त्यांची कारणे

विद्यापीठीय विभागांतून आज जे संशोधन चालते, त्याची मूळ साधनसामग्री कागदावर क्वचितच असते. हस्तलिखितांची छायाचित्रे, क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे, उपग्रहांनी टिपलेली चित्रे, जनुकीय अनुक्रम, सर्वेक्षणांची कोष्टके हे सारे डिस्कांवर साठविलेले असते, आणि त्यातील पुष्कळसे पुन्हा मिळविता येण्याजोगे नसते. जीर्ण पोथीचे पान एकदा तुटले, अथवा बोलीचा शेवटचा वक्ता निधन पावला, म्हणजे त्याची साठविलेली प्रत हेच मूळ साधन होऊन बसते. यास्तव अनेक डिस्कांचा मोठा साठवण-संच विकत घेणे ही आता केवळ संगणक-कक्षाची बाब राहिलेली नाही. तो संच प्रथम मांडताना जे निर्णय घेतले जातात, त्यांपैकी काही मागाहून सहज बदलता येतात; काही मात्र संच रिकामा केल्याविना बदलता येत नाहीत. हा भेद स्पष्ट करणे व दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांमागील कारणे मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संज्ञा व पूर्वपीठिका

संचातील डिस्का एकेकट्या वापरल्या जात नाहीत. प्रथम काही डिस्कांचा एक ‘गट’ करण्यात येतो. एक वा अनेक गट मिळून एक सामायिक साठा बनतो. आणि त्या साठ्यातून निरनिराळ्या कामांसाठी ‘खंड’ कापून दिले जातात. सर्व्हरला दिसतो तो केवळ खंड. त्याखाली किती डिस्का आहेत, हे त्यास ठाऊकही नसते. सामायिक साठ्यास व्यवहारात ‘पूल’ हा इंग्रजी शब्दच रुळला आहे; परंतु नदीवरील पुलाशी त्याचा घोटाळा होऊ नये म्हणून येथे ‘सामायिक कोठी’, अथवा नुसते ‘कोठी’, असे म्हटले आहे.

चुंबकीय तबकड्यांवर माहिती ठेवण्याचा उद्योग १९५६ साली आयबीएम कंपनीच्या ३५० या यंत्राने सुरू झाला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवाढव्य यंत्रात ५० लक्ष अक्षरे मावत. पुढे तीस वर्षे मोठ्या, महाग व विश्वसनीय डिस्कांचा मार्ग चोखाळला गेला. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रॅंडी कॅट्झ यांनी उलट विचार मांडला. लहान व स्वस्त डिस्का पुष्कळशा एकत्र कराव्यात, त्यातील काही बिघडणारच हे गृहीत धरावे, आणि बिघाड सोसण्यापुरती जादा माहिती प्रारंभापासूनच लिहून ठेवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या निबंधात अशा रचनेचे पाच प्रकार वर्णिले होते. सहावा मागाहून आला. या रचनेचे ‘रेड’ हे नाव आद्याक्षरांचे आहे. त्यातील एक अक्षर मूळचे ‘स्वस्त’ या अर्थाचे होते. व्यापाऱ्यांनी ते पुढे ‘स्वतंत्र’ या अर्थी फिरविले. डिस्कांचे बिघाड खरोखरच परस्परांपासून स्वतंत्र असतात काय, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

२. समतेचे तत्त्व

जादा माहिती ठेवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल ठेवणे. तीत निम्मी जागा खर्ची पडते. दुसरी रीत समतेची. समजा, तीन डिस्कांवर एकाच ठिकाणी १, ० व १ हे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहावयाचा की चारही मिळून १ची संख्या सम व्हावी; येथे तो ० येतो. आता दुसरी डिस्क नष्ट झाली तर उरलेल्या तिघींवर १, १ व ० राहतात. त्यांत १ची संख्या समच आहे; अर्थात हरवलेला अंक ० असला पाहिजे. एका डिस्कची जागा खर्चून कोणत्याही एका डिस्कचा नाश अशा रीतीने भरून काढता येतो. हाच पाचवा प्रकार. त्यात समतेचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर पाळीपाळीने विखुरलेले असतात. सहाव्या प्रकारात दोन डिस्कांचा एकाच वेळचा नाश सोसण्याची योजना असते. तेथे साधी सम-विषम पुरत नाही. दुसरे, स्वतंत्र समीकरण लागते. पुष्कळ संचांत ते अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या संकेतपद्धतीच्या आधारे बनविले जाते.

समतेची किंमत जागेपेक्षा लेखनात अधिक द्यावी लागते. एक लहानसा तुकडा बदलावयाचा झाल्यास पाचव्या प्रकारात जुना तुकडा वाचणे, जुनी समता वाचणे, नवा तुकडा लिहिणे व नवी समता लिहिणे, अशी चार कामे होतात. सहाव्यात ती सहा होतात. नकलेच्या रचनेत मात्र दोनच.

३. एक हिशेब

नुसत्या विशेषणांनी निर्णय होत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. संचात २४ खाचा आहेत. त्यांपैकी २० खाचांत प्रत्येकी ८ टेराबाइटच्या, मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्का कामासाठी ठेविल्या. २ तशाच डिस्का राखीव. व २ खाचा पुढील गरजेसाठी मोकळ्या. अशी डिस्क एक फेरा सुमारे ८.३ सहस्रांश सेकंदांत पुरा करते. सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते, आणि वाचनशीर्ष जागेवर नेण्यास आणखी ८ ते ९ सहस्रांश सेकंद जातात. म्हणजे इतस्ततः विखुरलेली कामे तिच्याकडून सेकंदास ७५ ते ८० होतात. ७५ धरल्यास वीस डिस्कांची एकूण शक्ती १,५०० कामांची झाली.

आता दर शंभर मागण्यांत ७० वाचनाच्या व ३० लेखनाच्या आहेत असे समजू. दुहेरी नकलेच्या रचनेत जागा ८० टेराबाइट मिळते व सेकंदास सुमारे १,१५० मागण्या पुऱ्या होतात. दहा-दहा डिस्कांचे दोन गट पाचव्या प्रकारचे केल्यास जागा १४४ टेराबाइट व मागण्या सुमारे ७९० होतात. तेच दोन गट सहाव्या प्रकारचे केल्यास जागा १२८ टेराबाइट व मागण्या ६०० एवढ्याच होतात. (विक्रेत्याचा टेराबाइट दशमान असतो. पुष्कळ संगणक दोनाच्या घातांनी मोजतात व तेथे १२८च्या जागी ११६.४ असा आकडा दिसतो. काही हरवले असे मानून घाबरू नये.)

या तीन ओळींत पाचवा प्रकार सर्वांत लाभदायक दिसतो, आणि खरेदीच्या वेळी तोच निवडण्याचा मोह होतो. त्या मोहाचे परीक्षण करू. गटातील एक डिस्क गेली की राखीव डिस्कवर तिची पुनर्रचना सुरू होते. त्यासाठी उरलेल्या नऊ डिस्का आरंभापासून अखेरपर्यंत, म्हणजे ७२ टेराबाइट, वाचाव्या लागतात. कारखानदार अशा डिस्कांविषयी सामान्यतः एवढेच सांगतो की १०चा पंधरावा घात इतके अंक वाचले असता, न वाचता येणारे स्थान एकाहून अधिक येणार नाही. ७२ टेराबाइट म्हणजे ५.७६ गुणिले १०चा चौदावा घात इतके अंक होतात. ही मर्यादा अक्षरशः धरली तर पुनर्रचनेत निदान एक स्थान न वाचले जाण्याची शक्यता शेकडा ४४ येते. प्रत्यक्षात बहुतेक डिस्का या मर्यादेपेक्षा पुष्कळ चांगल्या निघतात हे खरे. पण ज्या क्षणी पाचव्या प्रकारची सारी जादा माहिती खर्ची पडलेली असते, नेमक्या त्याच क्षणी हा धोका उद्भवतो. सहाव्या प्रकारात त्या क्षणीही एक समीकरण शिल्लक असते. १६ टेराबाइटचे जादा दान देऊन आपण ते विकत घेतो.

शिवाय पुनर्रचना क्षणात होत नाही. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदास २०० मेगाबाइट या अखंड गतीने लिहिली तरी ११ तास लागतात. संच चालू ठेवून तिला चौथाई गतीच मिळाली तर ४४ तास होतात. या काळात दुसरी डिस्क बिघडेल काय? बिघाड परस्परांपासून स्वतंत्र मानले तर शक्यता अत्यल्प येते. परंतु २००७ साली बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लक्ष डिस्कांच्या नोंदी तपासून दाखविले की एकाच यंत्रणेतील बिघाड काळाच्या दृष्टीने परस्परांशी निगडित असतात. त्यांच्या पाहणीत वर्षाकाठी शेकडा २ ते ४ डिस्का बदलाव्या लागणे सर्रास आढळले. कारखानदारांच्या आकड्यांवरून हे प्रमाण शेकडा एकाहून कमीच यावयास हवे होते. एकाच कारखान्यातील, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी चालू झालेल्या व एकच उष्णता सोसणाऱ्या डिस्कांकडून स्वतंत्रपणाची अपेक्षा धरणे मुळातच धाडसाचे आहे.

निष्कर्ष असा की मोठ्या, फिरत्या डिस्कांवरील संशोधन-संग्रहासाठी सहावा प्रकार घ्यावा. विखुरलेले लेखन ज्यात फार असते अशा माहिती-कोशासाठी दुहेरी नक्कल, अथवा घन-स्थिती डिस्का, घ्याव्यात.

४. गटाचा आकार व पट्टा

गटात किती डिस्का घ्याव्यात, हा दुसरा न फिरविता येणारा निर्णय. माहिती डिस्कांवर ठराविक मापाच्या तुकड्यांनी लिहिली जाते व सर्व डिस्कांवरील एकेक तुकडा मिळून एक ‘पट्टा’ होतो. संपूर्ण पट्टा एकदम लिहिता आला तर जुने काही वाचावे लागत नाही. समता नव्या माहितीवरूनच काढता येते, आणि वर सांगितलेला सहापट दंड टळतो. सर्व्हर बहुधा दोनाच्या घातांच्या मापांनी लिहितात. म्हणून माहितीच्या डिस्का ८ व समतेच्या २, अशा दहांच्या गटात १२८ किलोबाइटचा तुकडा घेतला असता पट्टा बरोबर १,०२४ किलोबाइटचा, म्हणजे एका मेगाबाइटचा, होतो व लेखन त्यात चपखल बसते. माहितीच्या डिस्का ९ केल्या तर पट्टा १,१५२ किलोबाइटचा होऊन प्रत्येक मेगाबाइट अर्धवट पट्टे मागे ठेवील. छायाचित्रे, ध्वनिफिती व राखीव प्रती अशा सलग लेखनात हा भेद ठळकपणे जाणवतो. आपल्या उदाहरणात आठ अधिक दोन हा आकार योजिला आहे तो याच कारणाने.

अलीकडील काही संचांत गटाची कल्पनाच सैल केलेली असते. माहिती, समता व राखीव जागा ही सर्व डिस्कांवर विखुरली जातात. एक डिस्क गेली असता सर्व डिस्का थोडे थोडे वाचून व लिहून पुनर्रचना करतात. तीत वेळ पुष्कळ वाचतो. डिस्का मोठ्या संख्येने असतील तेथे ही योजना निश्चितच विचारार्ह आहे.

५. कोठी एक असावी की दोन?

अनेक गट एका कोठीत घातले की खंडांची माहिती सर्व गटांवर पसरते व सर्वांची शक्ती एकवटते. परंतु याची दुसरी बाजू विसरता कामा नये: कोठीतील एक गट पूर्णपणे नष्ट झाला तर केवळ त्या गटावरील भाग जात नाही, सर्वसाधारणपणे सारी कोठीच निकामी होते, कारण प्रत्येक खंडाचे तुकडे त्या गटावर असतात. म्हणून कोठीचे बळ तिच्यातील सर्वांत दुबळ्या गटाएवढे. सहाव्या प्रकारच्या कोठीस मागाहून जागा कमी पडली म्हणून पाचव्या प्रकारचा, अथवा एकट्या डिस्कचा, गट जोडणे म्हणजे दगडी वाड्यास कुडाची भिंत लावणे होय. बहुतेक संचांत असा गट एकदा जोडला की तो काढून घेणे कठीण वा अशक्य असते.

दोन कंट्रोलर असलेल्या पुष्कळ संचांत एका वेळी एका कोठीचे काम एकच कंट्रोलर पाहतो. तेथे दोन गटांच्या दोन स्वतंत्र कोठ्या करून एकेक कंट्रोलरकडे सोपविल्यास दोहोंचा उपयोग होतो व नाशाची व्याप्तीही निम्मी राहते. उलट, एका कोठीतील मोकळी जागा दुसरीस उपयोगी पडत नाही. ज्या विभागात खंड थोडे व कामे स्थिर आहेत त्यास दोन कोठ्या सोयीच्या. जेथे मागण्या सतत बदलतात तेथे एक.

६. डिस्कांच्या मांडण्या

येथपर्यंतचे निर्णय बहुधा कायमचे होते. यापुढील बहुतेक कधीही बदलता येतात.

पहिली बाब लेखन-कॅशेची. कंट्रोलर आलेले लेखन आपल्या स्मृतीत घेऊन ‘झाले’ असे लगेच सांगतो व डिस्कवर सवडीने लिहितो. त्यामुळे गती वाढते. पण मध्येच वीज गेली तर ‘झाले’ म्हटलेले लेखन नाहीसे व्हावयाचे, अथवा नवी माहिती व जुनी समता अशी विसंगत जोडी डिस्कवर राहावयाची. म्हणून ही स्मृती बॅटरीने अथवा मोठ्या धारित्राने राखलेली असावी, व दुसऱ्या कंट्रोलरमध्ये तिची नक्कल असावी. ही दोन्ही शाबूत असतील तरच विलंबित लेखन चालू ठेवावे. प्रत्येक डिस्कच्या आत जी स्वतःची लेखन-कॅशे असते, तिला असे संरक्षण बहुधा नसते. ती बंदच ठेवावी.

दुसरी बाब पडताळणी-फेरीची. पुष्कळशी स्थाने वर्षानुवर्षे कोणी वाचत नाही; तेथील दोष सुप्त राहतात व पुनर्रचनेच्या ऐन प्रसंगी उघडे पडतात. २००७ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५.३ लक्ष डिस्कांवर ३२ महिने लक्ष ठेविले असता शेकडा ३.४५ डिस्कांवर असे सुप्त दोष आढळले. संच मोकळा असतो अशा वेळी सर्व डिस्का वाचून समतेशी ताडून पाहण्याची सोय बहुतेक संचांत असते. ती सुरू करून ठेवावी, आणि महिन्याकाठी एक फेरी पुरी होईल असे पाहावे.

तिसरी बाब राखीव डिस्कांची. ती कोणत्याही गटास उपयोगी पडेल अशी सामाईक ठेवणे सामान्यतः श्रेयस्कर. तिचे माप सर्वांत मोठ्या डिस्कएवढे असावे. गटातील डिस्कहून ती रेसभरही लहान असेल तर पुनर्रचना मुळी सुरूच होणार नाही.

चौथी बाब क्षेत्राच्या मापाची. आजच्या पुष्कळशा डिस्का आतून ४,०९६ बाइटांची क्षेत्रे वापरतात, पण बाहेर ५१२ बाइटांचा देखावा करतात. जुन्या रीतीने ६३व्या क्षेत्रापासून सुरू केलेला विभाग अशा डिस्कवर क्षेत्रांच्या सीमांवर तिरका बसतो व एका लेखनाची दोन कामे होतात. आज विभाग एक मेगाबाइटपासून सुरू करण्याची रूढी आहे ती याचसाठी; जुन्या यंत्रावरून प्रतिमा जशीच्या तशी उतरविताना हे अवश्य तपासावे. तसेच ज्या डिस्कांवर लेखनाच्या रेषा कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या असतात, त्या गटात घेऊ नयेत. एक रेषा बदलताना शेजारच्या अनेक पुन्हा लिहाव्या लागत असल्याने त्यांची पुनर्रचना फार रेंगाळते.

७. न दिलेल्या जागेचे वचन

कोठीतून खंड देताना दोन रीती आहेत. एकीत मागितलेली सर्व जागा लगेच राखून ठेविली जाते. दुसरीत केवळ वचन दिले जाते व प्रत्यक्ष लेखन होईल तसतशी जागा कोठीतून घेतली जाते. १२८ टेराबाइटच्या कोठीतून सहा प्रकल्पांना प्रत्येकी ४० टेराबाइट, म्हणजे एकूण २४० टेराबाइट, असे वचन देता येते. सर्वजण एकदम सारे मागत नाहीत, या भरवशावर पतपेढी चालते तसेच हे. परंतु भरवसा खोटा ठरला व कोठी भरली तर केवळ शेवटच्या मागणाऱ्याचे नव्हे, त्या कोठीतील सर्वच खंडांचे नवे लेखन अडते. ज्याने आपल्या वाट्याचा दशांशही वापरला नाही तोही अडकतो.

म्हणून ही रीत वापरावयाची तर तीन अटी पाळाव्यात. कोठी शेकडा ७० व ८५ भरली असता सूचना यावी, व ती एकाहून अधिक व्यक्तींस यावी. सर्व्हरवरील फाइल पुसली असता तिची जागा कोठीस परत कळविण्याची सोय चालू असावी. एरवी पुसलेली जागाही व्यापलेलीच दिसत राहते. तिसरी अट अशी की डिस्का विकत घेण्यास विभागास जितके महिने लागतात, तितक्या महिन्यांची वाढ मावेल एवढी जागा सूचनेच्या वेळी शिल्लक असावी. निविदा, मंजुरी व पुरवठा यांत सहा महिने जात असतील तर शेकडा ८५वर आलेली सूचना उशिराची होय.

८. मर्यादा

येथवर वर्णिलेली सारी व्यवस्था डिस्कच्या बिघाडापासून रक्षण करते. आज्ञेपासून करीत नाही. डिसेंबर २०२१मध्ये जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लक्ष फाइली, पुसल्या गेल्या. एकही डिस्क बिघडली नव्हती. जुन्या नोंदी साफ करण्याचा भाग ज्यात होता ती आज्ञावली, चालू असतानाच, सुधारलेल्या आवृत्तीने बदलली गेली. तिच्यातील एक नाव रिक्त राहिले आणि नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. १४ संशोधक-गटांना याची झळ लागली, व त्यांपैकी ४ गटांची माहिती राखीव प्रतींतूनही परत मिळण्यासारखी नव्हती. समतेची समीकरणे त्या वेळीही अचूकच होती. पुसलेली अवस्था त्यांनी तितक्याच निष्ठेने जपली.

अर्थात कोठी ही दुसरी प्रत नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या इमारतीत असावी, आणि पहिल्या यंत्राच्या आज्ञेने ती पुसता येऊ नये.

९. उपसंहार

गटाचा प्रकार, गटातील डिस्कांची संख्या, तुकड्याचे माप व कोठीची घटना हे चार निर्णय संच रिकामा असतानाच विचारपूर्वक घ्यावेत व कारणांसह लिहून ठेवावेत. दहा वर्षांनी जो कोणी तेथे असेल त्यास ती कारणे लागतील. बाकीच्या मांडण्या अनुभवाने सुधारता येतात. परंतु खरी माहिती भरण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी: संच काल्पनिक माहितीने भरावा, त्याला नेहमीच्या कामास लावावे, आणि चालू स्थितीत एक डिस्क उपसून काढावी. सूचना कोणास व किती वेळाने पोचते, राखीव डिस्क आपोआप कामास लागते काय, पुनर्रचनेस किती तास जातात व तोवर वाचकांस किती ताटकळावे लागते, हे त्या एका दिवसात कळते. मग दुसरीही डिस्क काढून पाहावी. ज्या संचाची अशी परीक्षा झालेली नाही, त्याची सुरक्षितता कागदोपत्री आहे एवढेच म्हणता येईल. आणि पोथीची ती एकुलती प्रत तेवढ्या भरवशावर ठेवण्याजोगी नाही.